वगळायच्या एकेचाळीस क्लिपा

टायपिंग इन्स्टिट्यूट बंद झाली तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. रविवार कारंजाजवळच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बावीस वर्षं मी मुलामुलींना टाईपरायटरवर बोटं ठेवायला शिकवलं. मिनिटाला इंग्रजी चाळीस शब्द, मराठी तीस. परीक्षेच्या दिवसांत जिन्यापर्यंत रांग लागायची. मग गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले आणि सकाळच्या बॅचला तीसऐवजी बारा, बाराऐवजी चार मुलं उरली. मालकांनी मशीनं विकून टाकली आणि मला म्हणाले, "बाई, खूप केलंत. आता आराम करा." आराम करायची इच्छा मी कधी बोलून दाखवली होती ते मला आठवेना.

पहिल्या मजल्यावर व्हिडिओ मिक्सिंगचं सेंटर होतं. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, शाळांची गॅदरिंग शूट करायची आणि त्यांच्या कॅसेटी बनवून द्यायच्या, हा धंदा. चालवणारा माझाच विद्यार्थी होता, मराठी तीसला दोनदा नापास झालेला. मला जिना उतरताना बघून तो म्हणाला, "बाई, माझ्याकडे नावं टाईप करायला याल का?" त्याच्याकडच्या कुणीतरी एका कॅसेटच्या सुरुवातीला नवऱ्या मुलाच्या आजोबांच्या नावाआधी 'कै.' टाकलं होतं, आणि आजोबा स्वतः काठी टेकत सेंटरवर भांडायला आले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी जायला लागले. नवरा सातपूरच्या कारखान्यात होता. मी आता घरी बसेन असं त्यानं मनाशी धरलं होतं. "ह्या वयात लग्नाच्या कॅसेटी?" तो म्हणाला.

"मग कोणत्या वयात करू ते सांगा," मी म्हटलं आणि डबा भरून निघाले.

नावं टाईप करायला दिवसातला एक तास पुरायचा. उरलेला वेळ मी कॉम्प्युटरजवळ खुर्ची ओढून बघत बसायचे. पूर्वी दोन व्हीसीआर जोडून मिक्सिंग चालायचं. आता डिजिटल कॅमेरा आला होता. त्यातली काडेपेटीएवढी टेप वायरीतून कॉम्प्युटरमध्ये घ्यायची, त्याला कॅप्चर म्हणायचे. अडचण जागेची होती. एका तासाच्या टेपला तेरा जीबी लागायचे, आमची डिस्क होती चाळीसची, आणि एकेक लग्न पाच-सहा टेपांचं. सगळं आत येणं शक्यच नव्हतं. म्हणून आधी टेप पूर्ण बघायची, हवा तो तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते आकडे नोंदवायचे, त्याला नाव द्यायचं. अशी साठ-सत्तर तुकड्यांची यादी झाली की एकच बटण दाबायचं. मग कॅमेरा आपणहून टेप मागेपुढे पळवायचा, नेमक्या आकड्यावर थांबायचा, तेवढाच तुकडा आत पाठवायचा आणि पुढच्याकडे वळायचा. एक टेप संपली की पडद्यावर सूचना यायची, आता दोन नंबर घाला. ह्याला बॅच कॅप्चर म्हणायचे. माझ्या तोंडी बॅच हा शब्द बावीस वर्षं होता, तो असा परत भेटला.

यादीचं काम कुणालाच नको असायचं. अनोळखी लोकांच्या लग्नात तासन् तास बसायचं, तेही आकडे टिपत.

"मला द्या," मी म्हटलं.

सेंटरचा मुख्य कॅमेरामन तिथेच पान जुळवत बसला होता. त्यानं व्हीसीआरच्या जमान्यापासून निम्म्या नाशिकची लग्नं शूट केली होती. "बाई, हे टायपिंग नाही," तो म्हणाला.

"आकडे आहेत आणि नावं आहेत. आणखी काय आहे?"

त्यानं पान तोंडात टाकलं आणि काम माझ्याकडे आलं.

महिनाभर सुरळीत चाललं. मग एका लग्नात यादीतल्या निम्म्या क्लिपा भलत्याच आल्या. 'सप्तपदी' नावाच्या क्लिपमध्ये जेवणाची पंगत, 'कन्यादान'मध्ये मोकळं मैदान. कॅमेरामन सगळ्यांसमोर म्हणाला, "बाईंनी आकडे चुकीचे टाकले. सांगितलं होतं मी."

माझ्या विद्यार्थ्यानं माझ्याकडे पाहिलं. आता तो माझा मालक होता आणि त्याला काहीतरी बोलणं भाग होतं. तो म्हणाला, "बाई, जरा लक्ष देऊन करत जा."

बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका लाल पेन्सिलनं गोल करत आले होते. माझ्या आकड्यांत चूक असती तर मला आधी कळली असती. मी ती टेप घेतली, सुरुवातीपासून लावली आणि पडद्याखाली पळणाऱ्या आकड्यांवर बोट ठेवून बसले. तेवीस मिनिटांपर्यंत आकडे सरळ गेले. मग निळा पडदा आला, आणि त्यानंतर आकडे पुन्हा शून्यापासून सुरू झाले. मी दोघांना बोलावलं.

"ह्या टेपवर पहिली तेवीस मिनिटं दोनदा आहेत," मी म्हटलं. "मशीनला सांगितलं बाराव्या मिनिटावर जा, तर त्यानं कोणत्या बाराव्या मिनिटावर जायचं?"

झालं होतं असं, की मांडवातल्या पाहुण्यांनी हौसेनं मागितलं म्हणून कॅमेरामननं टेप मागे घेऊन त्यांना शूटिंग दाखवलं होतं, आणि परत सुरू करताना मध्ये कोरी जागा सोडली होती. कोरी जागा आली की कॅमेरा पुन्हा शून्यापासून मोजायला लागतो.

"पाहुण्यांना दाखवावं लागतं," तो म्हणाला.

"दाखवा की. पण नंतर आकडा चालू असेल तिथेच येऊन थांबा आणि तिथूनच पुढे शूट करा."

"टायपिंगची बाई आता मला कॅमेरा शिकवणार."

"कॅमेरा तुम्हाला येतो. मी मोजणी शिकवतेय."

ही सूचना मी कागदावर टाईप करून त्याच्या कॅमेऱ्याच्या बॅगेला चिकटवली. त्यानं ती फाडली. मी दुसरी चिकटवली, तीही त्यानं फाडली. तिसरी राहिली. त्यानंतर त्याच्या टेपांवर निळा पडदा आला नाही आणि तो माझ्याशी दोन महिने बोलला नाही. मला दोन्ही चाललं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात घोटीकडचं एक लग्न आमच्याकडे आलं. भाताची गिरणी असलेलं घर, धाकट्या मुलाचं लग्न, दोन दिवस, सहा टेपा. सीझनची गर्दी होती, कॅसेट द्यायला तीन महिने लागणार होते. मी त्या लग्नाच्या यादीला हात घालणार तेवढ्यात नवऱ्या मुलाचे वडील सेंटरवर आले. पांढरे कपडे, हातात रुमाल, बोलणं शांत.

"कॅसेट बनवताना एक काळजी घ्या," ते म्हणाले. "आमची मोठी सून त्यात कुठं दिसायला नको."

माझ्या विद्यार्थ्यानं विचारलं, "म्हणजे?"

"लग्न झालं आन् पंधरा दिवसांत ती माहेरी निघून गेली. आता ती आमच्या घरची नाय. कॅसेट पाहुण्यांत फिरती, लोकं इचारत्यात. काढून टाका तिला."

"होईल," माझा विद्यार्थी म्हणाला. मला बोलायचं होतं, पण काय बोलायचं ते त्या वेळी सुचलं नाही, हे मी कबूल करते.

त्यांनी एक फोटो ठेवला, ओळखायला. तिशीची, सावळी, रुंद कपाळाची बाई. फोटोची गरज पहिल्या टेपच्या पाचव्या मिनिटाला संपली. कारण ती सगळीकडे होती.

एखादं माणूस वगळायचं तर आधी ते कुठे कुठे आहे हे शोधावं लागतं. मी दोन याद्या केल्या. एक 'घ्यायच्या' क्लिपांची आणि एक 'वगळायच्या'. दुसरी यादी मला फक्त स्वतःसाठी हवी होती, चुकून काही राहू नये म्हणून. प्रत्येक क्लिपला मी नाव देत गेले. मोठी हळद कालवताना. मोठी करवल्यांच्या हातात ताटं देताना. मोठी आचाऱ्याला तांदूळ मोजून देताना. मोठी दिराला हळद लावताना. मोठी रुसलेल्या आत्याबाईंची समजूत घालताना. मला तिचं नाव माहीत नव्हतं, पण टेपवरचा आवाज ऐकत असल्यामुळे सगळे तिला काय म्हणतात ते कळत होतं. "मोठी कुठंय?" "मोठीला विचारा." "अगं मोठे, चाव्या?" सहा टेपांमध्ये हाकांचा खच पडला होता.

तीन दिवस मी तिला पाहिलं. ती पदर डाव्या बाजूला खोचते. घाईत असली की ओठ दाबून धरते. सहा तासांत ती एकदाच बसलेली दिसली, मांडवामागे तांदळाच्या पोत्यावर, पाण्याचा तांब्या घेऊन. अकरा सेकंद. मग कुणीतरी हाक मारली आणि ती तांब्या तसाच ठेवून उठली.

वगळायच्या क्लिपा एकेचाळीस झाल्या. बावन्न मिनिटं.

सांगितलेलं काम मी केलं. पहिली यादी निवडली, बटण दाबलं, आलेल्या क्लिपा जोडल्या. हळदीत मुलाच्या गालापर्यंत येणारा एक हात होता, तोही मनगटापाशी कापला. हळदीचा कार्यक्रम सव्वा मिनिटाचा उरला. भोकं बुजवायला मांडवाचे दिवे घातले, फुलांची कमान घातली, सनईवाले तीन वेळा घातले. गिरणीवाल्यांना कॅसेट आवडली. ते म्हणाले, "साफ झालीय." मी मान खाली घालून पुढच्या लग्नाची नावं टाईप करत होते. साफ हा शब्द मला पुढे बरेच दिवस टोचत राहिला.

कॅसेट गेली तरी टेपा आमच्या कपाटात राहायच्या. पावसाळ्यानंतर त्यांच्यावरच पुढच्या सीझनची लग्नं शूट व्हायची.

श्रावणातल्या एका दुपारी मी सेंटरवर एकटी होते. माझा विद्यार्थी मालेगावला आठवडाभर चालणाऱ्या एका समारंभाच्या शूटिंगला गेला होता, कॅमेरामनही बरोबर होता. दार ढकलून एक बाई आत आली. मी तिला लगेच ओळखलं. पदर डाव्या बाजूला खोचलेला होता. तिनं मला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं आणि मला मात्र तिची चालसुद्धा पाठ होती. चोरून कुणाचं पत्र वाचल्यासारखं वाटलं.

"ताई, घोटीच्या गिरणीवाल्यांच्या लग्नाची कॅसेट इथंच झाली ना?"

"हो. बस."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. नांदगावहून सकाळच्या गाडीनं आली होती. "मला ती बघायला मिळंल का?"

"त्यात तू नाहीस," मी म्हटलं. दुसरं कसं सांगायचं ते मला कळलं नाही.

तिनं बंद पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "काढली व्हय मला?"

"हो. मीच काढली. त्यांनी सांगितलं होतं."

मला वाटलं ती चिडेल. ती नुसती मान हलवत राहिली. मग सांगायला लागली. येत्या रविवारी नाशिकरोडला तिच्या मामांकडे दोन्हीकडच्या माणसांची बैठक होती. सासरचे लोक नात्यात सगळीकडे सांगत होते, की हिला काम नको होतं, धाकट्याच्या लग्नातसुद्धा ही तोंड पाडून बसली होती, कशाला हात लावला नाही, आणि लग्न उरकताच पळाली. ते ऐकून तिचे स्वतःचे मामाही म्हणाले होते, "थोडं काम करायला काय झालं होतं, पोरी?"

"मला परत जायचं नाय, ताई," ती म्हणाली. "नवरा हात उचलायचा. ते कुणाला दिसत नाय, दार लावून असतं. काम तरी दिसतं. तर तेबी केलं नाय म्हणत्यात. कामचुकार म्हणून मी त्या घरातून जाणार नाय."

मी उठून कॉम्प्युटर लावला आणि वगळायची यादी उघडली. तिला वाचता येत होतं. ती पडद्याजवळ वाकली आणि एकेक ओळ वाचत गेली, ओठ हलवत. बाविसाव्या की तेविसाव्या ओळीवर थांबून म्हणाली, "हे सगळं तुम्ही लिवलं?"

"हो."

"का?"

"तू होतीस म्हणून."

गिऱ्हाइकाच्या टेपा बाहेर द्यायच्या नाहीत, हा आमच्या धंद्याचा नियम होता आणि तो योग्यच आहे. मला तो माहीत होता. मालेगावला फोन करून विद्यार्थ्याला विचारता आलं असतं, पण तो नाही म्हणाला असता. मग त्याचं ऐकायचं किंवा त्याला फसवायचं, असे दोनच रस्ते उरले असते. मला दोन्ही नको होते. न विचारता, माझ्या जबाबदारीवर करायचं मी ठरवलं. तिला म्हटलं, "ह्या क्लिपांची सीडी करून ठेवते. शनिवारी ये."

"मला ती सीडी लावता येत नाय. मामांकडं मशीन हाय पण पोरंच लावत्यात."

"मग मी येते लावायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंटर उघडल्या उघडल्या मी सहाही टेपा टेबलावर मांडल्या, ती यादी निवडली आणि बटण दाबलं. सेंटरवर राहिलेला दुसरा कॅमेरा गुरगुरत टेप मागेपुढे नेऊ लागला. मी त्याला हात लावला नाही, फक्त मागेल तो नंबर घालत गेले. एकेचाळीसपैकी एकही क्लिप चुकीची आली नाही. सगळे तुकडे दिवसांच्या क्रमानं एकापुढे एक जोडले. संगीत घातलं नाही. नावंही टाकली नाहीत, आणि ते मला जड गेलं, कारण मला त्याचेच पैसे मिळायचे. हाकांचा आवाज होता तसाच ठेवला. सगळं एका व्हीसीडीवर मावलं.

रविवारी नवऱ्यानं विचारलं, "कुठे?"

"एका लग्नाला. झालेल्या," मी म्हटलं. मग त्याला खरं ते सांगितलं. त्यानं स्कूटरची किल्ली घेतली. मग म्हणाला, "स्टेशनपर्यंत सोडू का?" त्यानं स्कूटरवरून मला थेट त्या घरापर्यंत सोडलं आणि बाहेर थांबला.

मामांचं घर रेल्वे क्वार्टर्सच्या मागे होतं. पुढच्या खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. एका बाजूला गिरणीवाले, त्यांची बायको आणि मोठा मुलगा, म्हणजे हिचा नवरा. दुसऱ्या बाजूला हिचे मामा. मध्ये दोघांच्या नात्यातले एक वयस्कर गृहस्थ होते, निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे गुरुजी म्हणत होते. ही आतल्या दारात उभी होती. गुरुजींनी तिला बसायला सांगितलं तेव्हा ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"ह्या कोण?" गिरणीवाल्यांनी विचारलं. चेहरा ओळखीचा वाटत होता, पण कुठे पाहिलाय ते त्यांना आठवत नव्हतं.

"तुमच्या लग्नाची कॅसेट मी केली," मी म्हटलं. "त्यातलं उरलेलं घेऊन आलेय."

कुणी काही म्हणायच्या आत मी सीडी घातली. पडद्यावर ती परात पुढ्यात घेऊन हळद कालवत होती. मागून कुणीतरी ओरडत होतं, "मोठे, पाट कुठं ठेवलेत?"

"हे बंद करा," गिरणीवाले म्हणाले. "आमच्या घरचं हाय हे."

"घरचंच बघायला बसलोय आपण," गुरुजी म्हणाले. "चालू द्या."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. खोलीत फक्त टीव्हीचा आवाज. ती वाकत होती, उचलत होती, वाढत होती, कुणालातरी हातानं थांबवून दुसऱ्याकडे धावत होती. हिचे मामा मांडीवर हात ठेवून बघत होते आणि मध्येच त्यांनी चष्मा काढून पुसला. नवरा पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. माझ्याशेजारी ती ताठ बसली होती, पडद्याकडे न बघता, लोकांकडे बघत.

पोत्यावर बसून पाणी प्यायची ती अकरा सेकंदं आली. तेव्हा तिची सासू, आतापर्यंत एक शब्द न बोललेली, कुणाकडेही न बघता म्हणाली, "त्या दिवशी ताप होता तिला."

गिरणीवाल्यांनी झटकन मान वळवली. "काय?"

"ताप होता. मी गोळी दिली होती." सासूनं पदर तोंडाशी धरला.

नवरा उठला, चप्पल पायात घातली आणि बाहेर निघून गेला. गुरुजींनी मला हातानं खूण केली, आता पुरे. मी सीडी थांबवली.

"बोल, पोरी," ते म्हणाले. "तुला काय पाहिजे?"

ती उभी राहिली. गुरुजींकडे बघून म्हणाली, "मला तिकडं जायचं नाय. का जायचं नाय ते त्यांना ठावं हाय. माझं सामान मला द्या. आन् काम केलं नाय, हे जिथं जिथं सांगितलं तिथं तिथं जाऊन परत सांगा, की खोटं होतं."

"दारोदार जाऊन?" गिरणीवाले म्हणाले.

"तुम्ही दारोदार जाऊनच सांगितलं."

त्या दिवशी सगळं मिटलं असं नाही. चहा झाला, आवाज चढले, गिरणीवाल्यांनी मला दोनदा सुनावलं की परक्याच्या घरात ढवळाढवळ करणाऱ्या बायांमुळेच संसार मोडतात. मी म्हटलं, "मी मोडायच्या आधीच तुम्ही तिला कापायला सांगितलं होतं." फारकत व्हायला पुढे वर्ष लागलं. पण हिच्या मामांनी त्या दिवसानंतर कुणाला तिच्याबद्दल कामचुकार हा शब्द उच्चारू दिला नाही, आणि दिवाळीआधी तिचं सामान एका टेम्पोतून नांदगावला पोचलं. शिलाई मशीन, कपाट, दोन पेट्या. ते सासूनं स्वतः उभं राहून भरून दिलं, असं तिनं मला नंतर फोनवर सांगितलं.

सोमवारी सकाळी गिरणीवाले सेंटरवर आले. माझा विद्यार्थी मालेगावहून नुकताच परतला होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यांचं अर्धा तास ऐकून घेऊन त्यानं त्यांना सहाही टेपा देऊन टाकल्या आणि ते गेल्यावर दार लावलं.

"बाई, हे खरं आहे?"

"हो."

"गिऱ्हाइकाचा माल बाहेर दिलात. उद्या कोण येईल माझ्याकडे?"

"तुझं नुकसान झालं हे मला मान्य आहे. नियम मोडला हेही मान्य आहे. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"मग नाही म्हणायचा मला हक्क नव्हता?"

ह्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. मी तेच सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना माफीचं पत्र द्यायचंय. तुम्हीच टाईप करा." मी बसले आणि टाईप केलं. त्यात लिहिलं, की आपल्या सूचनेनुसार कॅसेट बिनचूक बनवून दिली आहे. उरलेल्या एकेचाळीस क्लिपा ज्या व्यक्तीच्या होत्या त्या व्यक्तीला दिल्या आहेत. ह्याबद्दल सेंटरचा काही दोष नाही, जबाबदारी माझी आहे. खाली सही केली.

त्यानं पत्र वाचलं. "ह्यात माफी कुठे आहे?"

"नाही. ती मला मागायची नाही. तुझी मागते, तोंडी. त्यांची नाही."

त्यानं पत्र खणात टाकलं आणि मला कॉम्प्युटरवरून उठवलं. अडीच महिने मी फक्त नावं टाईप केली, तीही कागदावर. कॅमेरामन याद्या करायला लागला. मी रोज वेळेवर गेले आणि रोज त्याच खुर्चीवर बसले. मला घालवायचं असेल तर त्यानं तसं सांगावं, मी आपणहून जिना उतरणार नव्हते.

तुळशीची लग्नं झाली आणि सीझन अंगावर आला. कपाटात बावीस टेपा यादीशिवाय पडल्या होत्या. एक दिवस कॅमेरामनच मला म्हणाला, "बाई, तुम्ही बसा. ते आकडे माझ्या डोळ्यांना झेपत नाहीत." विद्यार्थी दारात उभा होता. माझी खुर्ची त्यानं स्वतः सरकवून दिली.

"एक अट आहे," मी म्हटलं. "माणूस वगळायचं काम मी करणार नाही. तुला घ्यायचं असेल तर घे, पण हातानं तू कर."

त्यानं मान डोलावली.

पुढे मी तिथे आणखी नऊ वर्षं होते. टेपा गेल्या, कॅमेऱ्यात मेमरी कार्डं आली, याद्यांचीही गरज उरली नाही. तशी गिऱ्हाइकं मात्र येत राहिली. कुणाला भावाची बायको नको असायची, कुणाला जातीबाहेर लग्न केलेली बहीण, एकदा तर सख्खा बाप. माझा विद्यार्थी त्यांना हसून सांगायचा, "नाही हो, आमच्या मशीनमध्ये तशी सोय नाही."

मी आतून, कामावरची नजर न काढता म्हणायचे, "सोय आहे. आम्ही करत नाही."